अकरा पावलांचा शनिवार

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता भाऊ आमच्या ऑफिसचा फाइल सर्व्हर पुसून टाकत. बिघडला म्हणून नव्हे. चांगला धडधाकट चालत असे, सगळ्यांची कामं त्याच्यावर सुरू असत, आणि हा माणूस चहाचा कप बाजूला सारून, चष्मा कपाळावर चढवून आम्हाला हाक मारत असे, "या जी, पाहून घ्या. मारून राहिलो." मग एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि सर्व्हर नाहीसा. वीस-पंचवीस मिनिटांत तो पुन्हा उभा करायचा आणि उरलेला थंडगार चहा एका घोटात संपवायचा.

नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी हे पाहिलं आणि चक्क किंचाळले. "अहो, आठवड्याभराचं काम आहे माझं त्याच्यात!"

त्यांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "किंचाळून झालं असन तं बसा," म्हणाले.

असा संताप आला की काही विचारू नका. गोंदियातली बरी नोकरी, घरचं जेवण, सगळं सोडून मी देवरीला आले होते, ती काय या येड्याचे खेळ पाहायला? पंचवीस मिनिटांनी माझ्या कॉम्प्युटरवर माझ्या फाइली जशाच्या तशा दिसल्या, तेव्हा राग गेला नाही, उलट वाढला. म्हणजे हा माणूस मुद्दाम घाबरवतो!

ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराच्या आसपासची. आमची संस्था छोटी, ऑफिस हायवेला लागून, पूर्वीच्या तेंदूपत्त्याच्या गोदामात. भिंतींना अजून पानांचा वास होता, आणि रायपूरकडे जाणारा ट्रक गेला की खिडक्या थरथरायच्या. काम म्हणाल तर कागदांचं. जंगलातल्या गावांनी वनजमिनीच्या हक्कासाठी दावे केले होते. त्यांचे जुने कागद आणायचे, स्कॅन करायचे, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे, नकाशे करायचे. हे सगळं एका मोठ्या मशीनमध्ये राहायचं आणि आमच्या चार कॉम्प्युटरांपैकी कुठूनही उघडता यायचं. फाइल सर्व्हर म्हणजे एवढंच.

ते मोठं मशीन भाऊंनी टेबलावर ठेवलं नव्हतं. छताच्या लाकडी तुळईला सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधून त्यात टांगलं होतं. नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, पाळण्यात कोण आहे? भाऊंचं म्हणणं, ट्रकच्या हादऱ्यानं आतली डिस्क खराब होते, आणि जमिनीवर ठेवलं तर वाळवी लागते. कॉम्प्युटरला कुठे वाळवी लागते, म्हणून मी हसले. त्यांनी मुकाट्यानं कपाट उघडून एक मोडेमचा खोका दाखवला. आतला मोडेम शाबूत होता, पण पुठ्ठ्याच्या खोक्याची वाळवीनं नुसती माती केली होती.

नावानं त्यांना कोणी बोलवत नसे. मी सुरुवातीला "सर" म्हणायला गेले तर म्हणाले, "सर नोका म्हणू. मी कोणाले नापास केलं नाई." तेव्हापासून भाऊ. उंचीनं कमी, केस तेल लावून चप्प बसवलेले, शर्टाच्या खिशात पेनऐवजी पेचकस. मीटिंगला कधी येत नसत. निरोप पाठवला की उत्तर यायचं, "सर्व्हर मीटिंगले येत नाई, मंग मी कायले येऊ?"

फाइलला नाव देण्याच्या बाबतीत तर ते भयंकर होते. आधी गावाचं नाव, मग माणसाचं, मग कागद कोणता ते. हा नियम मोडून कोणी "नवीन" किंवा "फायनल टू" असलं काही नाव दिलं, की ती फाइल रात्रीतून गायब व्हायची आणि "अनाथ" नावाच्या फोल्डरमध्ये सापडायची. सोडवून आणायची तर भाऊंच्या टेबलापुढे जाऊन उभं राहायचं आणि तोंडी सांगायचं, कागद कोणाचा आहे, कोणत्या गावचा आहे. एका आठवड्यात माझी सात पोरं अनाथ झाली होती. शाळेत पाढे म्हणून दाखवल्यासारखी मी सातही नावं म्हणून दाखवली, आणि ऑफिसातले सगळे फिदीफिदी हसत होते.

डब्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर शनिवार कळणार नाही.

पूर्वी फाइल सर्व्हर त्या मशीनवर थेट चालायचा. त्याच मशीनवर नकाशांचा प्रोग्रामही होता. एकदा कोणीतरी नकाशांचा प्रोग्राम नवा केला आणि त्या भानगडीत फाइल सर्व्हर तीन दिवस आडवा झाला. तेव्हा भाऊंनी ठरवलं, एकाचं दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. त्यांनी मशीनच्या पोटातच लिनक्सचा एक कंटेनर केला आणि फाइल सर्व्हर त्यात ठेवला. म्हणजे एका मशीनमध्ये आणखी एक छोटं मशीन असल्यासारखं. त्याला त्याचा पत्ता, त्याचा पासवर्ड, शेजारी काय चाललंय त्याची त्याला खबर नाही. भाऊ त्याला डबा म्हणायचे, म्हणून आम्हीही डबाच म्हणायचो.

त्यांचा जेवणाचा डबाही तसाच होता, चार पुडांचा. भात, वरण, भाजी, चटणी. इतर माणसं कालवून खातात. हे आधी सगळं वरण प्यायचे, मग भाजी संपवायची, मग कोरडा भात. मी एकदा विचारलं, "भाऊ, अशी चव तरी लागते का?"

"लागते न! ज्याची त्याची लागते," म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. जेवताना पाठ फिरवून बसायची सवय होती. कोणाला घासभर द्यायचे नाहीत, कोणाचं घ्यायचे नाहीत. मला ते तेव्हा फार कद्रूपणाचं वाटायचं.

डबा करून ते थांबले नाहीत. चारही कॉम्प्युटरांवरचं विंडोज काढून त्यांनी लिनक्स घातलं, आणि फाइली पोचवण्याची लिनक्सची आपली पद्धत सुरू करायला गेले, तर डबा ऐकेना. ती पद्धत मशीनच्या अगदी गाभ्यातून चालते, आणि डब्यातल्या भाडेकरूला गाभ्याची किल्ली मिळत नाही. मग त्यांनी गाभ्याला हात न लावता चालणारा दुसरा सर्व्हर शोधून आत बसवला. फाइली दिसू लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र पडद्याकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव येतं. तिथे सगळीकडे एकच आलं होतं, 'नोबडी'. डब्यातल्या माणसाला बाहेरचं मशीन ओळखत नाही, म्हणून असं होतं, हे नंतर मला कळलं. त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, उघडतात ना फाइली? मग नावाला काय चाटायचंय?"

माझ्यावर असे भडकले! "कोणाचीच नाई म्हनून राहिलं हे! पाच गावचे कागद, अन् मालक कोणीच नाई? थे जमिनीले बी असंच म्हनतात, कोणाचीच नाई. माझ्या आज्यानं जल्मभर दुसऱ्याची धानाची बांधी कसली. कागदावर थो बी कोणीच नव्हता." मग फोल्डरकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं तरी नाव लागलंच पायजे."

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आजोबांचा एक फोटो होता, छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर काढलेला, पांढऱ्या सदऱ्यातला. त्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी खुर्ची पडद्याकडे ओढून घेतली. मला फार लाज वाटली. मशीन माणसांना आकड्यांनी ओळखतं, म्हणून तीन दिवस ते आकड्यांशी झुंजत होते, आतला हा आकडा म्हणजे बाहेरचा तो, असं जुळवत. चौथ्या दिवशी प्रत्येक गावाच्या फोल्डरपुढे त्या गावाचं नाव लागलं. तेव्हा कुठे त्यांनी चहा प्यायला.

त्यांचे वडील इटियाडोहच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या बांधीला कधी पाणी सोडायचं ते पाहणारे. भाऊ लहानपणी त्यांच्याबरोबर पाटापाटानं हिंडलेले, त्यामुळे डबा समजावून सांगतानाही ते पाणीच सोडायचे. "कागद धरणात हाये. धरण डब्याच्या बाहेर. डबा म्हंजे नुसता पाट. पाट फुटला तं धरण फुटते काय? पाट तं दर साली नवा बांधावाच लागते."

मी मान डोलावली होती. कळलं होतं असं मात्र नाही.

मला शनिवार शिकवायचा त्यांनी चंग बांधला होता. दर वेळी म्हणायचे, "आज तुमी मारा." दर वेळी मी काहीतरी काम काढून सटकायचे. माझं बोट त्या एंटरवर जाईना. कागद आहेत हो माणसांचे! कोणी गहाण ठेवल्यासारखे विश्वासानं आणून दिलेले. आपल्या हातानं ते पुसायचे? छे.

त्या माणसांत एक सगनाबाई होती. देवरीपासून बरीच आत, जंगलाला चिकटून तिचं गाव. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही, वय तिलाही ठाऊक नाही. जंगलातली सव्वा एकराची बांधी ती एकटी कसत होती. तिच्या सासऱ्याला फार वर्षांपूर्वी एक नोटीस आली होती, की तू जंगलात अतिक्रमण केलंस, जमीन सोड. सासऱ्यानं जमीन सोडली नाही, आणि नोटीसही फेकली नाही. बांबूच्या पोंग्यात घालून आढ्याला खोचून ठेवली. आता तोच कागद कामाचा ठरला होता. कारण जमीन सोड म्हणणाऱ्या त्या कागदावरूनच दिसत होतं, की इतक्या वर्षांपूर्वीही ती जमीन यांच्याच वहिवाटीत होती. याशिवाय तिच्याजवळ लेखी असं काहीच नव्हतं.

मी तो कागद स्कॅन केला, तिला परत दिला. त्याच पावसाळ्यात एक दिवस ती भिजत ऑफिसात आली, लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर मूठभर माती ओतली. "वाळवीनं खाल्ली वो बाई नोटीस."

"काही काळजी करू नका आजी," मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आमच्याजवळ आहे."

सुनावणी मंगळवारी दुपारी दोनला होती. आधी दिलेली प्रत पुसट होती, म्हणून तिला स्वच्छ प्रत घेऊन बोलावलं होतं. हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. काढू काढू म्हणत मी सोमवार संध्याकाळपर्यंत लांबवलं. प्रिंटर नवीनच आला होता आणि चालत नव्हता. भाऊ सुट्टीवर, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला गेलेले. मी म्हटलं, एवढ्यासाठी काय त्यांना विचारायचं? आणि प्रिंटरचा प्रोग्राम टाकायला बसले. टाकला तो नेमका डब्यात. पडद्यावर विचारणा झाली, यासाठी जुन्या काही गोष्टी काढाव्या लागतील, काढू का? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. प्रिंटर काही चालला नाही, मी वैतागून घरी गेले.

सकाळी चारपैकी एकाही कॉम्प्युटरवर एकही फाइल उघडेना. त्या काढून टाकलेल्या जुन्या गोष्टींत फाइल सर्व्हरच गेला होता.

सगनाबाई साडेदहालाच येऊन बाकावर बसली होती. नवं लुगडं, हातात काठी, पिशवीत भाकर.  भाऊ सगळ्या कागदांची एक दुसरी प्रत एका डिस्कवर ठेवायचे, पण ती डिस्क कुठे? त्यांच्या गावच्या घरी, धानाच्या ढोलीत. जाऊन यायलाच दिवस गेला असता. मी फोन लावला.

"भाऊ, सर्व्हर गेला."

"कुठं गेला?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडे दवाखान्यात कोणीतरी नंबर पुकारत होतं. भाऊ म्हणाले, "कागद कोणाचा पायजे?"

"सगनाबाईचा. दोनला सुनावणी आहे."

"मंग शनिवार कर."

"अहो, आज मंगळवार आहे!"

"मशीनले वार समजत नाई. वही माझ्या टेबलात हाये. शनिवार कर." आणि फोन ठेवून दिला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच "तू" म्हणाले होते, पण त्याचं काही वाटायला तेव्हा वेळ नव्हता.

वही सापडली. शाळेची रेघांची वही, प्रत्येक पानावर एक पाऊल. पानांना नंबर घातले नव्हते. नंबर असले की माणूस वाचत नाही, नुसता पुढे पळतो, हे त्यांचं मत. पहिल्या पानावर एवढंच होतं, "घाई नाही." मला त्या माणसाचा गळाच धरावासा वाटला. दुसऱ्या पानावर डबा बंद करायची ओळ. तिसऱ्यावर मारायची.

ती ओळ मी टाइप केली आणि बोट एंटरवर ठेवून बसून राहिले. किती वेळ, देव जाणे. मागून सगनाबाईनं विचारलं, "काऊन थांबली वो?" मी डोळे मिटले आणि दाबलं.

मग भराभर पुढची पानं. भाऊंनी सगळा सरंजाम असलेला एक कोरा डबा बाजूला तयार ठेवला होता, त्याची नक्कल करायची. पत्ता द्यायचा. पासवर्ड घालायचा. नावांचे आकडे जुळवायचे. कोणत्या कॉम्प्युटरला आत येऊ द्यायचं ते लिहायचं. सुरू करायचं. शेवटच्या पानावर होतं, "दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहा. चहा घ्या."

मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर धावले. सर्व्हर दिसत होता! फोल्डर उघडलं.

रिकामं. एकही गाव नाही, एकही कागद नाही, काही म्हणजे काही नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. रडू असं फुटलं की आवरेना. सगनाबाई काठी टेकत आली. "काऊन रडून राहिली?"

"आजी, तुमचा कागद मी पुसला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

तिनं काठी भिंतीला टेकवली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "माह्या घरी वाळवी होती, मनून तुमच्यापाशी ठेवला. तुमच्यापाशी बी वाळवीच हाये काय?"

एखादी थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. दहा वर्षं होत आली असतील आता, पण ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात माझे.

बारा वाजून गेले होते. मी पुन्हा फोन लावला. "भाऊ, सगळं संपलं. फोल्डर रिकामं आहे."

"किती पावलं केली?"

"सगळी केली."

"मोज."

मी वही घेऊन पानं मोजली. "दहा."

"शनिवार अकराचा हाये," म्हणाले, आणि पुन्हा फोन ठेवला.

मी वही उलटीपालटी केली. मधे एक पान जाड लागलं. नखानं उकललं तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली, भाऊंच्या लोणच्याच्या तेलानं. कोणाला घासभर न देणाऱ्या त्या माणसाचं लोणचं असं माझ्या वाट्याला आलं. आतल्या पानावर लिहिलं होतं, "धरण पाटाला जोडा." खाली एकच ओळ. बाहेरच्या मशीनवरचं अमुक फोल्डर, डब्यात अमुक ठिकाणी दिसू दे.

आणि एका क्षणात मला सगळं कळलं. कागद डब्यात नव्हतेच. कधीच नव्हते. दर शनिवारी भाऊ जे मारायचे त्यात एकही कागद नसायचा. मी मारला तो नुसता पाट होता, आणि शनिवार म्हणजे तो पुन्हा बांधायची तालीम. धरण छताला टांगलेल्या त्या पाळण्यात, माझ्या डोक्यावर, भरलेलं होतं.

ती ओळ घातली. डबा बंद करून पुन्हा सुरू केला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं, आणि एकेक गाव खाली उतरू लागलं. सगनाबाईच्या गावाच्या फोल्डरपुढे मालक म्हणून त्याच गावाचं नाव. आत तिची नोटीस. जुन्या मराठीतला तो वळणदार शिक्का, कोपऱ्यातला हळदीचा डागसुद्धा. मी ओरडले, "आजी, आहे! आहे हो!"

पेनड्राइव्ह घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पळाले, तीन प्रती काढल्या. पावणेदोनला आम्ही दोघी सुनावणीच्या ठिकाणी होतो. ती भाकर खायची राहिली होती, ती आम्ही बाहेर आल्यावर निम्मी-निम्मी खाल्ली.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. वडिलांचं कसं झालं ते मी विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "चहा घेतला काय?"

"कशाचा चहा?"

"शेवटच्या पानावर हाये. थे बी पाऊलच हाये." आणि हसले. फोनवर हसताना मी त्यांना तेवढंच ऐकलं.

त्यानंतर मी दर शनिवारी मारायला लागले. नव्या मुली माझ्याकडे पाहून किंचाळायच्या, आणि मला मनातून फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता मशीन बदललं, गोदामही सुटलं, पण नव्या मशीनवर तोच डबा, त्याच वहीतून. भाऊ त्यांच्या गावी असतात, वडिलांजवळ, धान करतात. शनिवारी बाराच्या सुमाराला फोन येतो. "झाला काय शनिवार?" झाला म्हटलं की ठेवतात. प्रकृती वगैरे विचारायची पद्धत त्यांच्यात नाही.

त्यांचा ऑफिसातला शेवटचा शनिवार सांगते आणि थांबते.

त्या सकाळी सगनाबाई आली. आदल्याच दिवशी तिला वनहक्काचा पट्टा मिळाला होता, तिच्या नावाचा, सव्वा एकराचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं तो छातीशी धरला होता. म्हणाली, "याले बी तुमच्यापाशी ठेवा. नोटिशीच्या बाजूले." मी तो स्कॅन केला. फाइलचं नाव मी भाऊंच्या नियमानं दिलं. आधी गाव, मग ती, मग पट्टा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिला उघडून दाखवला. ती आपलं नाव वाचू शकत नव्हती, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं नाव आहे.

अकरा वाजले. त्या दिवशी मारायचं काम भाऊंनी परत स्वतःकडे घेतलं होतं. भाऊंनी चहाचा कप बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला. "या जी. मारून राहिलो."

"काय मारून राहिला?" सगनाबाईनं मला विचारलं. मी सांगितलं. ती ताडकन उठली. "आत्ताच तं ठेवला माहा कागद! आत्ताच पुसून राहिला काय हा माणूस? येडा हाये काय?"

भाऊंनी ओळ टाइप केली, आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आज तुमी मारा, आजी."

"मी नाई बापा."

भाऊंनी खुर्ची तशीच धरून ठेवली. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले, तिचा हात हातात घेतला. शेतात राबलेला, भेगाळलेला हात. "दाबा आजी," मी म्हटलं, "मी दाबलं होतं ना त्या दिवशी? तुमच्याच समोर?"

"तू तं रडली होती."

"कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एका बोटानं, जातं ओढताना लावावा तसा सगळा जोर लावून, एंटर दाबलं.

"मेला?" तिनं विचारलं.

"मेला," भाऊ म्हणाले.

"मंग उठव आता."

भाऊंनी वही माझ्या हातात दिली. मी अकरा पावलं केली, न पाहता केली असती, पण पाहून केली. ते तेलकट पान मी मोठ्यानं वाचलं. मग तिला हाताला धरून दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी नेलं आणि उघडलं. नोटीस होती. नोटिशीच्या बाजूला पट्टा होता. तिनं आपणहून पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर नावावरच, आणि तिथेच ठेवून उभी राहिली. भाऊ थंड चहा हातात घेऊन मागे उभे होते. त्यांनी तो प्यायला नाही, कप ठेवून आत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

सगनाबाईनं हातातल्या पिशवीतला कागद काढला, उलटसुलट पाहिला. "म्हंजे हा घरचा आता वाळवीनं खाल्ला तरी चालते?"

"चालते, आजी."

"खाऊ नाई देत मी," ती म्हणाली, आणि कागद घडी घालून पदराच्या गाठीत घट्ट बांधला.